कमान

पँटच्या उजव्या खिशात, किल्ल्यांपासून लांब,
एक असतोच.
बोटाएवढा, मिटलेला.
किल्ल्यांबरोबर ठेवला की पितळेवर ओरखडे उठतात
आणि किल्ल्यांना उगाच माज चढतो.

बाकीचे अकरा बिस्किटांच्या डब्यात,
जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलेले.
दर रविवारी उघडतो, पुसतो, परत निजवतो.
वेंगुर्ल्याची हवा लोखंडाला सोडत नाही.
तीस वर्षांत माझ्या पकडी, खांबांवरचे बोल्ट,
सायकलची घंटासुद्धा तिनं चाटून संपवली.
"इतके चाकू कित्याक ओ तुमका?" हेमलता विचारते.
तिचे आदाळे तीन आहेत. मोजलेत मी.
बोलत नाही.

वायर सोलायला खात्याची सुरी होती.
हा त्यासाठी नव्हताच. हा खांबावरून उतरल्यावरचा.
कुणी अंगणातून आणून दिलेली कैरी,
तळव्यात मोडलेला काटा,
जाळ्याच्या दोरीतली ती गाठ, जी सुटत नाही
आणि कापायला जीव होत नाही:
तिच्यात टोक घालून, जिभेखाली श्वास धरून, सैल करायची.
पातं साधं पोलादी.
कैरीनं काळं पडतं, रातांब्यानं निळसर.
डाग घासून काढू नयेत.
डाग धरलेल्या पात्याला गंज उशिरा लागतो.

पुण्याचा पुतण्या मंदार, त्याचा चाकू
एका हातानं उघडतो, खट्कन अडकतो.
"काका, ह्याला लॉक नाही?"
नाही रे. पाठीत एक कमान आहे, पट्टीएवढी.
तिच्या ताणावर पातं उभं राहतं.
कापलंस तर राहतं.
खुपसायला गेलास तर मिटतं, तुझ्याच बोटावर.
ही बघ खूण.
आणि मिटताना अर्ध्यावर एकदा थांबतं. टक्.
बोटं काढून घे, म्हणतं.
मग पुरतं मिटतं.

हा शिंगाच्या मुठीचा मला इनास कार्व्हालोनं दिला.
बोटीवरून आला होता, चौदा महिन्यांनी,
बंदरावरच्या हॉटेलात, चहा बशीत ओतता ओतता.
चाकू हातात देऊ नये, खाली ठेवावा,
समोरच्यानं उचलावा. नाहीतर वैर येतं.
इनासनं बाकावर ठेवायला हात नेला, मी हसलो,
आणि त्याच्या बोटांतूनच घेतला.

पुढच्या मे महिन्यात वरून ऑर्डर आली.
त्याच्या घरावरून जाणाऱ्या तारेला आंबा लागत होता.
फांदी मी तोडली.
अशी फांदी, जिच्यावर त्या वर्षी
चाळीसेक पायरी टांगलेले होते,
आणि त्याच्या धाकट्या मुलीचा झोपाळा.
ऑर्डर दाखवली. त्यानं वाचली नाही.

नऊ वर्षं.
चर्चच्या उतारावर समोरासमोर आलो
की दोघांनाही समुद्राकडे काहीतरी दिसायचं.
चाकू मात्र मी रोज वापरत राहिलो.
दुसरा घेतला की हात खिशात जाऊन
ह्यालाच शोधायचा.

गेल्या पौषात ऐकलं, इनासला आता उजव्या डोळ्यानं दिसत नाही.
गेलो.
तो खळ्यात खुर्चीवर, पुढ्यात पेरूचं ताट, सुरी आत कुठेतरी.
मी काही म्हणालो नाही.
खिशातून काढला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर
त्याच्या पायांपासून वीतभर ठेवला,
आणि दोन पावलं मागे सरलो,
जसं कुणी मांजराला दूध ठेवून सरावं.

बराच वेळ गेला.
मग वाकला. चाचपला.
नखानं खाच शोधली, पातं उघडलं,
मिटलं, अर्ध्यावर थांबवून कान दिला,
परत उघडलं.
एक पेरू कापला. चार फोडी.
मीठ नव्हतं.
पातं लुंगीला पुसून, मिटून,
त्यानं तो खाली ठेवला. होता तिथंच.
मी उचलला.

"कमान ढिली झाली हा," इनास म्हणाला.
"खोबरेल घालतंस काय रे?
थंडीत गोठता ता. मशीनीचा तेल घाल."